स्कॉटलंडची सून

१

टक् करून राइस कुकरचं बटण वर उडालं आणि घरात मघापासून साचलेली शांतता फुटली.

भूक कोणालाच नव्हती. ऋताच्या मांडीवर आठ महिन्यांची जाई झोपली होती. ऋताचा नवरा रुचिर खिडकीशी उभा राहून समोरच्या ब्लॉककडे बघत होता. आणि सोफ्याच्या अगदी कडेला, परक्या घरी आल्यासारखा, शैलेंद्र बसला होता. चोआ चू कांग या वस्तीत इमारतीला ब्लॉकच म्हणत, आणि त्या समोरच्याच ब्लॉकमध्ये त्याचं घर. त्याच्या बायकोला, विनीताला, कालच मंडाईच्या स्मशानात अग्नी दिला होता. आतल्या खोलीत त्याची पाच वर्षांची मुलगी स्वानंदी जाईची खेळणी ओळीने झोपवत होती आणि एकेकाच्या अंगावर टिश्यू पांघरत होती.

"शुक्रवारी निघतो," शैलेंद्र म्हणाला. "दिवस पुण्यातच करू. स्वानंदीला घेऊनच जातो. आता इथे परदेशात कोण आहे आमचं? परत नाही यायचं."

ऋताची मैत्रीण गेली होती, आता तिची ही पोरही डोळ्यांआड होणार होती.

विनीता चित्रकार होती. जुरोंग ईस्टला छोट्या कारखान्यांच्या एका इमारतीत तिचा स्टुडिओ होता. मिसेस क्वेक नावाच्या गॅलरीवाल्या बाईंसाठी ती राणी व्हिक्टोरियाच्या पाच मुलींच्या राजचिन्हांच्या ढाली लाकडी फळ्यांवर रंगवत होती. शनिवारी संध्याकाळी ती अर्धवट रंगवलेल्या फळीपाशी मरून पडलेली सापडली. ओठांना हिरवा रंग, पोटात सोमल, म्हणजे आर्सेनिक. टेबलावर जुन्या काळच्या हिरव्या रंगाची बरणी उघडी होती, आणि त्या रंगात सोमल असतो. ब्रशचं टोक ओठांत धरून बारीक करायची विनीताची सवय सगळ्यांना ठाऊक. अपघातच दिसतो, या बाजूला पोलिसांचंही मत झुकत चाललं होतं.

"शंभरदा सांगितलं होतं, तोंडात ब्रश घालू नकोस," शैलेंद्र म्हणाला. "ऐकेल तर ना! दोन काटेफुलांपायी जीव गेला, वहिनी. त्या स्कॉटलंडच्या सुनेच्या ढालीवर काटेफुलं हवीत म्हणे. मी तर तिच्या कामात कधी डोकंच घातलं नाही. शनिवारचा डबा दारातूनच दिला. आत पाऊल टाकलं असतं तर कदाचित..."

रुचिरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तेवढ्यात ऋताचा फोन थरथरला. मिसेस क्वेक होत्या. जुन्या रंगांचं रसायनशास्त्र हा ऋताचा युनिव्हर्सिटीतला विषय, ती त्यातच पीएचडीनंतरचं संशोधन, पोस्टडॉक, करत होती. ती फळी हलवायला धोक्याची नाही ना, एवढं बघून जाशील का, असं बाई विचारत होत्या. मग आवाज खाली आला.

"ऋता, ती बरणी मी नुसती काचेच्या कपाटात मांडायला दिली होती. झाकणावर लाखेचं सील होतं. विनीता मला म्हणायची, 'हे भूत बाटलीतच बरं.' मग तिने ते सील तोडलं कशाला?"

२

स्टुडिओत टर्पेंटाइनचा वास होता, आणि त्याखाली दुसरा एक, ज्याचं नाव कुणी घेत नव्हतं. पोलिस बरणी घेऊन गेले होते, फोटो काढून गेले होते. फळी मात्र होती तिथेच, चित्र टेकवायच्या घोडीवर.

मिसेस क्वेक सत्तरीच्या, काडीसारख्या बाई. दारातच थबकल्या. "मी त्या दिवसानंतर आत आलेच नाही. मला बघवणार नाही."

विनीताच्या जोडीने काम करणारा निशिकांत कोपऱ्यात स्टुलावर बसला होता. मूळचा कोल्हापूरचा, तिशीतला. शनिवारी संध्याकाळी विनीता त्यालाच सापडली होती.

"ताई, तुम्हाला मी सांगू का, मी फळीकडे बघितलंच नाही. मी तिच्याकडेच बघत राहिलो."

भिंतीला टेकून पुऱ्या झालेल्या तीन फळ्या उभ्या होत्या. प्रत्येकीवर ढाल पुरुषाच्या ढालीसारखी नाही, तर शंकरपाळ्यासारखी, टोकावर उभी. स्त्रीची ढाल ती अशीच काढायची असते. आत इंग्लंडचे सोनेरी सिंह, स्कॉटलंडचा लाल सिंह, आयर्लंडची वीणा. सगळ्या बहिणींचं चित्र एकच. फरक फक्त वरच्या बाजूला. तिथे दाराच्या तोरणासारखी एक पांढरी पट्टी आडवी गेलेली आणि तिला खाली लोंबणारी तीन टोकं. राजाच्या किंवा राणीच्या लेकरांना तीन टोकं, मुलाच्या मुलांना पाच. त्या टोकांवरच्या बारीक खुणांवरून कोणती बहीण ते ओळखायचं. एकीला मध्ये क्रूस आणि कडेला गुलाब, एकीला मध्ये गुलाब आणि कडेला क्रूस.

विनीताने हे सगळं ऋताला भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. केवढ्या हौसेने सांगायची!

घोडीवरच्या चौथ्या फळीसमोर ऋता उभी राहिली. फळीच्या खालच्या कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरांत नाव होतं: लुईझ. सिंह पुरे झालेले, वीणेच्या तारा राहिलेल्या. वर पांढरी पट्टी. मधलं टोक कोरं. आणि कडेच्या दोन टोकांवर हिरव्या देठाचं, हिरव्या काट्यांचं एकेक फूल.

"मिसेस क्वेक," ऋता म्हणाली, "तुम्हाला बघवणार नाही हे कळतंय मला. पण एकदा याच. लुईझची खूण काय?"

म्हातारी आत आली. चष्मा वर केला.

"लुईझला मध्ये लाल गुलाब आणि कडेला लाल चौकोन," ती म्हणाली. "पाचही जणींत काटेफूल कोणालाच नाही. ही चूक विनीता करणार? तिने माझ्या पुस्तकातली चूक काढली होती लाह!" चिडल्या की बाईंच्या तोंडी इथल्या बोलीतलं ते 'लाह' यायचं.

"म्हणजे या कामात हिरव्या रंगाची गरजच नव्हती."

"नव्हती."

निशिकांत स्टुलावरून उठला होता.

३

पहिला संशय त्याच्यावरच गेला, आणि तो का जाऊ नये? मिसेस क्वेक विनीताला गॅलरीत कायमची नोकरी देणार होत्या. ती जागा निशिकांतला हवी होती, हे त्याने कधी लपवलंही नव्हतं.

"हो, मला राग आला होता," तो म्हणाला. "तोंडावर बोललो तिला. 'तुझा नवरा कमावतोय, तुला कशाला हवा इथे राहायचा स्वतःचा पास?' असं बोललो. ती हसली. म्हणाली, 'निश्या, नवऱ्याच्या पासवर राहणं म्हणजे काय, ते तुला या जन्मी कळायचं नाही.' ताई, मी वाईट बोललो, पण..."

"शनिवारी सकाळी तू इथे होतास?"

"होतो. बीट्रिसची फळी घ्यायची ठरली होती, मध्ये पत्त्यांतला लाल बदाम असलेली. पण लाकूड वाकलेलं निघालं, म्हणून मीच लुईझचं रेखाटन उतरवून दिलं आणि दहाच्या सुमाराला निघालो. कोणाला माहीतही नव्हतं हे, आम्हा दोघांखेरीज."

"रेखाटनात खुणा होत्या?"

"नाही. खुणा ती शेवटी हातानेच काढायची, देवाचे डोळे काढतात तशा. मी गेलो तेव्हा पट्टी कोरीच होती."

ऋताने पिशवीतून हातमोजे काढले. कापसाचा बोळा थेंबभर पाण्यात बुडवून तिने तो आधी सिंहाच्या शेपटीवर टेकवला. सोनेरी रंग जागचा हलला नाही. मग तिने नवा बोळा घेतला आणि काटेफुलाच्या देठावर अलगद टेकवला.

देठ बोळ्यावर उतरून आला. रांगोळीवर ओलं बोट ठेवावं तसा.

"डिंक नाही," निशिकांत पुटपुटला.

"नाहीच. नुसती भुकटी पाण्यात कालवून लावलीय."

रंगाच्या भुकटीत डिंकाचं पाणी घातल्याशिवाय रंग धरत नाही, हे या खोलीत ब्रश धरणाऱ्या प्रत्येकाला पाठ. विनीताची डिंकाची वाटी तर तिथेच होती, हाताशी. भ्रमात असती, मरणाच्या दारात असती, तरी तिचा हात सवयीने त्या वाटीकडे गेला असता. निशिकांतचाही गेला असता.

ऋता मनाशीच एकेक वेगळं करत गेली. निशिकांतला डिंक माहीत आहे आणि खुणाही. मिसेस क्वेकना डिंक कदाचित माहीत नसेल, पण खुणा झोपेतही चुकणार नाहीत. ही फुलं काढणाऱ्याला दोन्ही ठाऊक नव्हतं. त्याला फक्त हिरवा रंग फळीवर दिसायला हवा होता. म्हणजे ओठांवरच्या हिरव्याचा आणि पोटातल्या सोमलाचा हिशेब आपोआप लागला असता. ब्रश चाटून चाटून काही कोणी एका दुपारीत मरत नाही. सोमल पोटात दुसऱ्याच वाटेने गेला होता.

पण हिरवाच हवा होता तर नुसतं पान काढायचं, वेल काढायची. काटेफूलच का सुचलं असेल?

"मिसेस क्वेक, या लुईझचं लग्न कुठे झालं?"

"स्कॉटलंडच्या सरदारघराण्यात. का?"

काटेफूल म्हणजे स्कॉटलंडची निशाणी. आणि ऋताच्या कानात एक वाक्य वाजलं, राइस कुकर थंड होत असताना ऐकलेलं. 'त्या स्कॉटलंडच्या सुनेच्या ढालीवर काटेफुलं हवीत म्हणे.'

४

घरी आली तेव्हा रुचिर दोन्ही मुलींना जेवू घालत होता. जाई मऊ भाताने कानापर्यंत माखली होती. स्वानंदीच्या ताटात पोळी आणि कोथिंबिरीची हिरवी चटणी, तिची आवडती.

"खा की गं, राणी."

स्वानंदीने ताट एका बोटाने सरकवलं. "नो लाह, मावशी. ग्रीन वन आईची आहे."

"आईची म्हणजे?"

"बाबांनी केली होती ना, सॅटर्डेला. मिक्सर सो लाउड! मी बोट घातलं तर बाबा ओरडले. म्हणाले ही फक्त आईची, तू नाही खायची. मग ना, बाबांनी मिक्सर वॉश केला. टू टाइम्स."

रुचिरच्या हातातला चमचा हवेत राहिला. शैलेंद्रला चहासुद्धा करता येत नाही, हा त्यांच्या घरातला जुना विनोद होता.

ऋता खाली वाकली. चटणीची वाटी उचलून तिने ओट्यावर ठेवली, स्वानंदीच्या तोंडाला पदर लावावा तसा टीशर्टचा कोपरा लावला आणि म्हणाली, "बरं. मग तूप-साखर?"

"ओके."

नंतर स्वयंपाकघरात रुचिर कुजबुजला, "पोलिसांना हे सांगायला हवं, ऋता. आत्ताच्या आत्ता."

"आणि मग? तिला खुर्चीवर बसवून विचारतील. एकदा नाही, दहादा. मोठी होईल तेव्हा तिला आठवेल की बाबांना आपणच अडकवलं. आई तर गेलीच, वर हेही तिच्याच गळ्यात?"

"परवा तो तिला घेऊन विमानात बसतोय!"

"माहितेय मला." ऋताने दार लोटून घेतलं. "म्हणून तर उद्याच. पण तिच्या तोंडून नाही. फळीच्या तोंडून."

५

इन्स्पेक्टर शांती शांतपणे ऐकून घेणारी बाई होती. बोळे बघितले, मिसेस क्वेकचं म्हणणं ऐकलं. मग म्हणाली, "फुलं दुसऱ्याने काढली, पटलं. पण कोणी? शैलेंद्र वर गेला आणि डबा देऊन लगेच खाली आला, हे लॉबीच्या कॅमेऱ्यात आहे. मालाच्या लिफ्टला कॅमेरा नाही, त्यामुळे परत वर आला असेल तरी मला दिसत नाही."

ऋताने शैलेंद्रचं ते 'स्कॉटलंडच्या सुने'चं वाक्य सांगितलं.

"तुम्ही त्याला सांगितलं होतं का, फळीवर कोणती राजकन्या आहे ते?" तिने इन्स्पेक्टरला विचारलं.

"मलाच माहीत नव्हतं. मी त्याला म्हटलं, फळीवर हिरवं फूल आहे. बस." इन्स्पेक्टरने पेन खाली ठेवलं. "माझ्यासमोर परत म्हणेल तो?"

तो म्हणाला. अगदी सहज म्हणाला. गुरुवारी दुपारी इन्स्पेक्टर आणि ऋता गेल्या तेव्हा त्याच्या हॉलमध्ये दोन बॅगा उघड्या पडल्या होत्या, एकीत स्वानंदीचे फ्रॉक नीट घड्या घालून ठेवलेले. इन्स्पेक्टरने इंग्रजीत विचारलं, तुमची पत्नी त्या फळीवर नेमकं काय काढत होती, मला कळत नाही. तेव्हा आयटीतला मॅनेजर प्रेझेंटेशन देतो तशा आवाजात त्याने समजावलं: ती राजकन्या स्कॉटलंडमध्ये दिलेली, म्हणून तिच्या ढालीवर स्कॉटलंडचं काटेफूल.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" ऋताने विचारलं.

"विनीताने. अजून कोण सांगणार?"

"कधी?"

"आधी कधीतरी. बोलायची ती."

"आधी शक्य नाही. त्या दिवशी बीट्रिसची फळी घ्यायची होती. लुईझ शनिवारी सकाळी ठरली."

"मग डबा देताना बोलली असेल. दारात."

"लुईझचं नाव तिने दारात घेतलं असेल, मी धरून चालते. पण काटेफूल नाही, शैलेंद्र. ते विनीताच्या तोंडून येणंच शक्य नाही." ऋता एक पाऊल पुढे आली. "ती पट्टी सासरची नसते. ती जन्माची खूण. लग्न झालं तर नवऱ्याचं चिन्ह शेजारी येऊन बसतं, पण बाईच्या अर्ध्या भागात तिची पट्टी तशीच राहते, त्याच खुणांसकट. पुसत नाहीत, बदलत नाहीत. विनीताला त्या कामात हेच तर आवडलं होतं. माझ्या ओट्याशी उभी राहून मला दहादा सांगितलं तिने. लुईझला लाल गुलाब आणि लाल चौकोन. त्यात हिरवं काही नाहीच."

शैलेंद्र बोलला तेव्हा त्याच्या आवाजात भीती नव्हती, निव्वळ आश्चर्य होतं.

"लग्नानंतरही? तीच खूण?"

"तीच."

"पण मी फोनवर बघितलं... तिचा नवरा तर..." आणि तो थांबला.

कोणत्या फळीसमोर उभं राहून, खालच्या कडेचं पेन्सिलीतलं नाव वाचून त्याने फोनमध्ये शोधलं, हे विचारायची गरजच उरली नाही. आपल्याकडे मुलगी सासरी गेली की आडनाव जातं, कित्येकींचं नावसुद्धा तांदळाच्या ताटात बदलतं. ढालही बदलणारच, हे तो धरूनच चालला होता. पडताळून बघावं असं त्याच्या मनातही आलं नाही.

तो बॅगेशेजारी जमिनीवर बसला.

"माझ्या पासवर आली होती ती इथे," तो मराठीतच बोलू लागला, जणू ऋताने इन्स्पेक्टरला समजावून सांगावं. "माझ्या नावावर. नोकरी मिळते म्हटल्यावर म्हणाली, आता माझा वेगळा पास होईल, मी वेगळी राहीन, स्वानंदी माझ्याकडे. 'विचारू का' नाही, थेट 'राहीन'. वहिनी, मी काय करायला हवं होतं?"

"जाऊ द्यायचं होतं," ऋता म्हणाली.

"चटणीत घातलं," तो म्हणाला. "हिरव्यात हिरवं. बरणी तिनेच दाखवली होती मला कधीतरी, गंमत म्हणून. आदल्या रात्री तिच्या किल्लीने स्टुडिओ उघडला, सील तोडून भुकटी घेतली आणि झाकण तसंच बसवून ठेवलं. ती पडल्यावर परत गेलो, डबा घ्यायला. तेव्हा ओठांना तो रंग लावला, फुलं काढली... ती बघत होती. तिला बोलता येत नव्हतं, पण ती फळीकडे बघत होती सारखी. मला वाटलं, पाणी मागतेय."

ऋता खिडकीकडे वळली. बिचारी शेवटपर्यंत ती चूक बघत राहिली होती, आणि ती पुसायला तिचा हात उठत नव्हता.

जिन्यात इन्स्पेक्टरने तिला थांबवलं. "मुलीने काही बघितलं होतं का?"

"नाही," ऋता म्हणाली. "तिला काही माहीत नाही. आणि आता तो स्वतःच बोललाय."

इन्स्पेक्टरने तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि मान हलवली.

६

संध्याकाळी विनीताच्या आईशी, दमयंतीकाकूंशी, पुण्याला फोन झाला. काकूंचा पासपोर्ट संपलेला होता. नवा यायला वेळ लागणार होता, मग व्हिसा, मग इथल्या ऑफिसांची कागदपत्रं. तिकडून शैलेंद्रच्या भावाचाही फोन येऊन गेला होता: पोर आमची आहे, आमच्याकडे पाठवा. रुचिर एकामागून एक नंबर फिरवत होता, सगळीकडून एकच उत्तर येत होतं, बघावं लागेल.

ऋताने दोघींना आंघोळ घातली. जाई पाण्यात हात आपटून हसली आणि स्वानंदीही हसली, कितीतरी दिवसांनी. ऋताने तिचे केस पुसले, गुंता सोडवत हळूहळू फणी फिरवली. मान अगदी विनीतासारखी होती, मागे एक भोवरा.

"बाबा पोलीस आंटीकडे गेले ना?"

"हो, पिल्लू."

"पुणे कॅन्सल?"

"सध्या तरी."

स्वानंदीने त्यावर बराच विचार केला. टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मग उद्या स्कूल आहे," ती म्हणाली. "मावशी, घरी येताना बस आंटी एव्हरीबडीला विचारते, विच ब्लॉक. मी काय सांगू?"